सुनंदाताईंचे बासष्ट किलो

लोकांना काय खाऊ नका हे सांगणं हा माझा बत्तीस वर्षांचा धंदा. त्यातली सव्वीस वर्षं सिंगापूरमध्ये गेली. मी आहारतज्ज्ञ. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायला कोणी फारसं उत्सुक नसतं, आणि बसलंच तर आधी स्वतःच्या ताटातल्या जिलबीबद्दल खुलासा करतं. "आज एक दिवसच हं, मेधाताई." मी काही विचारलेलं नसतं.

निवृत्त होण्याआधीची शेवटची अकरा वर्षं मी तिथल्या यिशुन भागातल्या एका दवाखान्यात काम केलं. दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि बरोबर त्याच्या खाली बेकरी. वजन कमी करायला येणारा प्रत्येक जण गरम पावाच्या वासातून जिना चढून माझ्यापर्यंत यायचा. मी दवाखान्याच्या मालकांना तीनदा सांगून पाहिलं, पण बेकरी त्यांच्या मेहुण्याची होती.

माझ्याकडे येणाऱ्यांत थायरॉईडवाले पुष्कळ. ज्यांना याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गळ्याशी एक छोटी ग्रंथी असते. शरीराचा कारभार किती वेगानं चालायचा हे ती ठरवते. ती मंदावली की माणूसच मंदावतो. थकवा येतो, थंडी वाजते, केस गळतात, चेहरा सुजल्यासारखा होतो आणि वजन चढतं. यावर रोज घ्यायची एक छोटी गोळी असते. ग्रंथी जे पुरेसं तयार करत नाही तेच ही गोळी बाहेरून पुरवते. पण गोळीचे नखरे आहेत. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा-पाऊण तास, जमल्यास तासभर, चहा-कॉफी नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्यायचे. नाहीतर गोळी पोटात जाते, पण अंगी लागत नाही.

माझा एक चिनी टॅक्सीवाला पेशंट होता. डॉक्टर त्याचा डोस वाढवत राहिले तरी रक्ताचा रिपोर्ट सुधारेना, म्हणून त्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. मी विचारलं, "अंकल, गोळी कशाबरोबर घेता?" तो अभिमानानं म्हणाला, "कोपीबरोबर. विसरायला नको म्हणून." घट्ट दूध घातलेल्या कॉफीबरोबर! मी त्याला सगळं समजावलं, तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. "म्हणजे इतकी वर्षं मी औषध कॉफीलाच पाजलं!" पुढच्या तपासणीत त्याचा रिपोर्ट सुधारला. अशा वेळी आपण फार हुशार आहोत असं वाटतं. मलाही वाटायचं. त्याच गुर्मीत असताना सुनंदाताई माझ्याकडे आल्या.

सुनंदाताई अमरावतीच्या. वय सहासष्ट. आयुष्यभर अंगणवाडीत काम करून निवृत्त झालेल्या. त्यांचा मुलगा अमोल जुरोंग ईस्टला एका कंपनीत इंजिनिअर, सून प्रीती एका प्रयोगशाळेत संशोधक. दोघांची मुलगी अन्वी सहा वर्षांची. तिला सांभाळायला म्हणून सुनंदाताई लाँग टर्म व्हिजिट पासवर आल्या होत्या. यजमान अमरावतीलाच राहिले होते, कारण त्यांची नव्वदीपुढची आई अंथरुणाला खिळलेली होती.

पहिल्या दिवशी त्या आल्या त्या अन्वीला बरोबर घेऊन. फिकट निळं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा आणि सुजल्यासारखा चेहरा. काट्यावर चढायच्या आधी त्यांनी वाकून तो सपाट जमिनीवर आहे की नाही ते पाहिलं, आकडा शून्यावर आहे की नाही ते पाहिलं, आणि मगच चढल्या. मला हसू आलं.

"तुम्हाला चांगलीच माहिती आहे काट्याची."

"हातात वजनकाटा घेऊनच नोकरी झाली न मॅडम," त्या म्हणाल्या. "लेकरांचं वजन वाढावं म्हणून तीस वर्षं जीव टाकला. आता माझंच कमी करायला तुमच्याकडं आली."

काट्यानं एक्याऐंशी किलो दाखवलं.

"किती करायचं आहे?" मी विचारलं.

"बासष्ट," त्यांनी लगेच सांगितलं.

असा नेमका आकडा लोक सहसा सांगत नाहीत. 'थोडं कमी', 'लग्नातला ब्लाऊज व्हावा इतकं' असं काहीबाही सांगतात. बासष्टच का, हे मी विचारायला हवं होतं. मी कागदावर लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

गोळीची चूक मला पाच मिनिटांत सापडली. अन्वीला शाळेच्या बसमध्ये बसवून सुनंदाताई साडेसातला वर यायच्या आणि यजमानांना व्हिडिओ कॉल लावायच्या. तिकडे पाच वाजलेले असायचे. ते तिकडे चहा प्यायचे, या इकडे. तेव्हाच ते आपली बीपीची गोळी घ्यायचे आणि या थायरॉईडची, वर कॅल्शियमचीही. "आम्ही दोघं संगतीनं घेतो," त्या म्हणाल्या आणि थोड्या लाजल्या.

मी नियम सांगितला. थायरॉईडची गोळी सहाला उठल्या उठल्या, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, चहा साडेसातला खुशाल.

"म्हणजे त्यांच्यासंगं नुसता चहा?"

"नुसता चहा."

त्यांनी मान हलवली. मग मी ते वाक्य बोलले. "गोळी नीट लागू पडली की वजन उतरेल बघा." माझ्या धंद्यात हे वाक्य बोलायला सोपं आणि अर्धवट खरं असतं. गोळी लागू पडली की अंगात साचलेलं पाणी जातं, सूज उतरते, दोन-चार किलो कमी होतात. बाकीचं वजन हे सगळ्या जगासारखंच असतं. खाणं, चालणं, झोप, वय या सगळ्यांनी मिळून केलेलं. ते गोळी काढत नाही. ती वजन कमी करायची गोळी नाहीच. हे सगळं मी त्यांना सांगितलं, नाही असं नाही. पण नंतर सांगितलं, आणि त्यांनी पहिलं वाक्य उचलून नेलं होतं.

तीन महिन्यांत साडेतीन किलो उतरले. चेहऱ्याची सूज गेली. बोटात रुतलेली अंगठी फिरू लागली. दुपारी झोपेनं जडावणारे डोळे उघडे राहू लागले. ओट्स आणि पपई एवढ्यावरच त्या दिवस काढत होत्या, ते मी बंद करायला लावलं. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी, अंडं असं साधं पोटभर जेवण सुरू केलं. संध्याकाळी यिशुनच्या तलावाभोवती अन्वीबरोबर चालणं. अन्वीला माझा तक्ता पाठ झाला होता. आजीनं फरसाणाच्या डब्याला हात लावला की ती सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची, "आजी, डोंट एनीहाऊ ईट लाह! मेधा आंटी विल स्कोल्ड!"

मग काटा साडेसत्त्याहत्तरला थांबला. एक महिना, दुसरा महिना. सुनंदाताई काट्यावरून उतरताना माझ्याकडे न बघता विचारायच्या, "बासष्ट कधीपर्यंत होईल मॅडम?"

"अहो ताई, घाई कसली आहे? कुठं जायचंय तुम्हाला?" मी हसत म्हणाले.

त्या चपला घालून निघून गेल्या.

त्यानंतरच्या खेपेला त्या आल्या तेव्हा काट्यानं पंचाहत्तरपेक्षाही थोडं कमी दाखवलं. मी उठून टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. नोंदीत 'उत्तम प्रगती' असं लिहिलं. त्यांनी वहीत सही केली तेव्हा अक्षर हललेलं होतं. "घाम लई येते आजकाल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "सिंगापूरची हवाच तशी." झोप लागत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, "या वयात होतं." जेवणात काही बदल नाही, चालण्यात बदल नाही, आणि वजन मात्र भराभर उतरतंय, म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलंय हे ओळखण्यासाठी तर मला पगार मिळत होता. डॉक्टरांकडची रक्ततपासणी महिन्याभरावर होती. ती आधी करून घ्या, एवढं एक वाक्य मी बोलले असते तरी पुरे होतं.

तीन आठवड्यांनी दुपारी अमोलचा फोन आला. अन्वीला बसमधून उतरवून घ्यायला सुनंदाताई इमारतीखाली उभ्या होत्या. बस आली, अन्वी उतरली, आणि आजी खांबाला धरून खाली बसली ती उठेना. छातीत पाखरू फडफडतंय असं म्हणत होती. शेजारच्या मलाय बाईंनी अँब्युलन्स बोलावली.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेले. हृदयाचे ठोके ताल सोडून पळत होते. औषधानं ते आता शांत झाले होते. रक्ताच्या रिपोर्टवरून डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं की गोळी जास्त होतेय. सुनंदाताईंनी अमरावतीहून येताना वर्षभराच्या गोळ्या आणल्या होत्या, इथल्या सुरू झाल्यावर त्या डब्यात तशाच उरल्या होत्या. इथली एक आणि तिथली एक, अशा दोन रोज, जवळजवळ दोन महिने. एकीनं साडेतीन किलो उतरले, तर दोन गोळ्यांनी सात उतरतील, असा त्यांचा हिशोब.

अमोल खाली औषधं आणायला गेला होता. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"असं काहून केलं ताई?" त्यांच्याशी बोलून बोलून माझ्या तोंडीही 'काहून' बसलं होतं.

त्या पंख्याकडे बघत म्हणाल्या, "आमचं अमरावतीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. मागच्या दिवाळीत मी अमोलले म्हटलं, आता मले जाऊ दे. तो म्हणाला, आई, तुझे गुडघे बघ, वजन बघ. तीन जिने कशी चढशील? आधी वजन कमी कर, मग बघू. मी तिथून निघाली तेव्हा बासष्ट होतं. म्हणून म्हटलं, तेवढं झालं की जाता येईन."

मी तो आकडा नुसता कागदावर लिहून घेतला होता.

"तिकडं आत्याबाईचं सगळं हेच करतात, एकटे," त्या म्हणाल्या. म्हणजे यजमान. आत्याबाई म्हणजे त्यांची सासू. "कॉलवर हसतात. पण त्यांच्या सदऱ्याचं बटण दोन महिन्यांपासून तुटलेलं आहे, मले दिसते ते रोज."

मी म्हटलं, "मला सांगायचं तरी होतं."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. लहान पोराला समजावून सांगावं तसं त्या बोलल्या. "मॅडम, आमच्याकडं प्रत्येक लेकराचं कार्ड असे. त्याच्यावर वजनाची रेघ. रेघ अचानक खाली आली की आम्ही त्याच्या घरी जायचो. बाप काम सोडून बसला का, माय आजारी आहे का, काय झालं ते बघायला. तुम्ही टाळी वाजवली."

बत्तीस वर्षांत मला वरिष्ठांनी, डॉक्टरांनी, कधी पेशंटनीही सुनावलं आहे. पण ते वाक्य अजून मला झोपेतून उठवतं.

पुढचं जे मी केलं ते माझ्या कामाच्या चौकटीत बसत नव्हतं. त्या घरी आल्यावर शनिवारी सकाळी मी अमोलला त्यांच्या इमारतीखालच्या कॉफीशॉपमध्ये बोलावलं. तो आला तो अवघडूनच.

"गोळ्या आता आम्ही कुलपात ठेवतो," तो बसता बसता म्हणाला.

"गोळ्यांचं नाही. आईला घरी जायचंय."

त्यानं मान खाली घातली. "मी अट घातली नव्हती हो. काळजीनं बोललो होतो. ती पडली जिन्यात तर? बाबा आजीला बघतील की तिला?" मग म्हणाला, "आणि आम्ही दोघं सातला बाहेर पडतो. अन्वीला कोण बघणार? हेही आहेच. खोटं कशाला बोलू?"

"हेही आहेच," मी म्हटलं.

"तुम्हाला काय वाटतं, आम्ही तिला कोंडून ठेवलंय?"

"नाही. मी माझ्या आईला कोंडलं होतं, असंही मला कधी वाटलं नव्हतं."

हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. माझी आई साताऱ्याची. माझा मुलगा झाला तेव्हा ती सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटवर आली, तीन महिन्यांसाठी. तिचा हात होता म्हणून माझी नोकरी टिकली. दर वर्षी ती म्हणायची, "मे महिन्यात जाऊन येते जरा." मी म्हणायचे, "आई, या मेमध्ये मला सुट्टी नाही, पुढच्या मेमध्ये जा." ती "बरं" म्हणायची. भांडली असती तर मी पाठवलं असतं, असं मी स्वतःला सांगते. आठव्या वर्षी ती झोपेतच गेली. नंतर मी तिची बॅग उघडली. वर साताऱ्याच्या घराची किल्ली, खाली घडीही न मोडलेली मोरपंखी साडी. ती मीच तिला माझ्या मामेबहिणीच्या लग्नासाठी घेऊन दिली होती. त्या लग्नाला मी तिला पाठवलं नव्हतं. बॅग भरलेली होती. किती वर्षं तशी होती कोण जाणे.

अमोलनं सगळं ऐकून घेतलं. मग उठला, आमचे दोन्ही कप उचलून भांडी ठेवायच्या रॅकवर ठेवून आला आणि परत बसला.

"आईनं मला पुन्हा एकदाही म्हटलं नाही हो, जायचंय म्हणून."

"तू विचारलंस?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

हे सगळं लगेच सुरळीत झालं असं मात्र नाही. प्रीती माझ्याशी सहा महिने नीट बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आजीला परत पाठवा असं सांगून मी घरी निघून गेले होते, वेळापत्रक मात्र तिला जुळवायचं होतं. अन्वीला शाळेनंतरच्या पाळणाघरात घालावं लागलं आणि पहिला आठवडा ती रडली. डॉक्टरांनी सुनंदाताईंना तीन-चार महिने प्रवासाला सोडलं नाही. गोळी पुन्हा एकावर आली, ठोके ताळ्यावर आले, रक्तातला थायरॉईडचा आकडा, टीएसएच, जागेवर बसला. वजन दोन किलो वर गेलं. आम्ही खुर्चीतून उठायचा आणि पायऱ्या चढायचा व्यायाम करून घेतला. रोज इमारतीचा एक मजला, मग दोन, मग तीन, मध्ये थांबून. पुढे पुढे अमोल स्वतः शनिवारी-रविवारी आईबरोबर जिना चढायला लागला.

निघायच्या आदल्या आठवड्यात त्या दवाखान्यात आल्या. शहात्तर किलो चारशे ग्रॅम. बासष्टचा विषय दोघींनीही काढला नाही. अन्वी बरोबर होती. ती आजीच्या पदराचं टोक मुठीत धरून म्हणाली, "आजी, गो फॉर अ व्हाइल ओन्ली, कॅन?" सुनंदाताईंनी तिला कुशीत घेतलं. कॅन, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. हो म्हणणं किती सोपं होतं. माझ्यापेक्षा जास्त प्रामाणिक होत्या त्या.

त्या गेल्यावर मला घरी करमेना. माझा मुलगा लग्न करून दुसऱ्या देशात. माझ्या यजमानांना जाऊन पाच वर्षं झालेली. साताऱ्याचं घर केव्हाच विकलं गेलेलं. दरवर्षी इथले लोक 'मग, इंडियाला कधी?' असं विचारायचे आणि मी तिकिटांबद्दल काहीतरी बोलायचे. खरं म्हणजे जायचं कोणाकडे, हे मला कळत नव्हतं. निवृत्तीनंतरच्या जानेवारीत सुनंदाताईंचा फोन आला. "हुरडा निघाला आहे. पोटाला चालते न तुमच्या? या मग."

मी अमरावतीला गेले. सुनंदाताई गॅलरीत वाट बघत उभ्या होत्या. तीन जिने मलाच दमवून गेले. वर पोचले तर त्यांनी हातात पाण्याचा तांब्या दिला. आता मला मॅडम म्हणायचं सोडून त्या नुसतं मेधा म्हणत होत्या. यजमान उंच, कमी बोलणारे. सकाळी त्यांची बुद्धवंदना, मग आईचं पथ्यपाणी, मग दोघांचा चहा, एकाच खोलीत. आत्याबाईंनी मला जवळ बोलावून माझा हात बराच वेळ धरून ठेवला. त्यांना मी कोण ते कळलं नसावं.

दुपारी जेवणात भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर तेल. वाढताना त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की मोजून खा. मी तिसरी भाकरी घेतली. आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटाकडे बघणाऱ्या मला, आपल्या ताटातही कोणी न विचारता वाढू शकतं, याचा विसरच पडला होता.

"जरा पड आता," त्या म्हणाल्या. आतल्या खोलीत चटई अंथरली, वर धुतलेलं गोधडीचं पांघरूण घातलं. मी दुपारी झोपत नाही. माझ्या सगळ्या पेशंटना मी दुपारी झोपायला बंदी घातलेली आहे. पण डोकं टेकलं आणि मी गेलेच.

किती वेळ झोपले कळलं नाही. जाग आली तेव्हा उन्हाची पट्टी भिंतीवर सरकलेली होती. बाहेरच्या खोलीत कोणी शेजारीण आली होती, मोठ्यानं काहीतरी सांगत होती. मग सुनंदाताईंचा दबका आवाज आला.

"हळू बोल न बाई. पोरगी झोपली आहे."

मी साठी ओलांडलेली. मी डोळे उघडलेच नाहीत. तशीच पडून राहिले.